स्ट्रट बार : सांगाडा ताठ होतो, टायरची पकड वाढत नाही

बेळगावहून गोव्यात उतरण्यासाठी जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट, खानापूर-लोंढामार्गे अनमोड घाट आणि चंदगडकडून आंबोली घाट असे मार्ग आहेत. निपाणीहून बेळगावकडे येताना महामार्गावर तवंदी आणि वंटमुरी हे घाट लागतात. या रस्त्यांवर केए-२२, केए-२३, एमएच-०९ आणि जीए अशा क्रमांकांच्या गाड्या सारख्याच संख्येने भेटाव्यात, इतकी येथील ये-जा तिन्ही राज्यांत विभागलेली आहे. घाटवळणांवर गाडी अधिक नेमकी वळावी, या अपेक्षेने बॉनेटखाली किंवा गाडीच्या पोटाशी एखादी लोखंडी अथवा अॅल्युमिनिअमची दांडी बसवून घेण्याची हौस तरुण वाहनमालकांत दिसते. या दांडीला स्ट्रट बार किंवा चॅसी ब्रेस म्हणतात. ती नेमके काय करते, कोणत्या गाडीला उपयोगी पडते, बसवताना काय सांभाळावे आणि तिच्याकडून कोणती अपेक्षा ठेवू नये, याची ही माहिती.

सांगाडा पिळतो म्हणजे काय?

गाडीची बॉडी डोळ्यांना अभेद्य वाटते. प्रत्यक्षात ती किंचित वाकते आणि पिळते. पुढचे डावे चाक उंचवट्यावर आणि मागचे उजवे चाक त्याच वेळी दुसऱ्या उंचवट्यावर आले, तर सांगाड्याची दोन टोके परस्परविरुद्ध दिशांना फिरू पाहतात. वळणावर बाहेरच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो आणि आतल्या बाजूचा कमी होतो, तेव्हाही असाच पीळ पडतो. सांगाड्याचा ताठपणा मोजण्याचे एकक न्यूटन-मीटर प्रति अंश हे आहे. सांगाड्याला एक अंशाचा पीळ देण्यासाठी किती जोर लागतो, हे त्यावरून कळते.

घरातील बुटांच्या खोक्यावर हा प्रयोग करता येतो. झाकण काढलेला खोका दोन्ही हातांनी सहज पिळता येतो. झाकण चिकटपट्टीने घट्ट बसवले की तोच खोका हट्टी होतो. कागद तोच, वजनही जवळजवळ तेच. फरक फक्त आकार बंदिस्त होण्याचा. लोखंडी नळीच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक असतो. २५ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीच्या भिंतीची नळी लांबीने उभी चिरली, तर पिळाला होणारा तिचा विरोध सुमारे शंभरपटीने घटतो. छप्पर नसलेल्या स्पोर्ट्स कारला खालून जादा आधार द्यावा लागतो, त्याचे कारण हेच. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ या उघड्या दोन आसनी गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना जोडणारी एक लांब चौकट मुळातच दिलेली आहे.

चॅसी ते मोनोकॉक

जुन्या गाड्यांत खाली शिडीसारखी चॅसी असे आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असे. ट्रक आणि जीपगाड्यांत ही रचना आजही टिकून आहे. १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुती जिप्सी याच पद्धतीची. दुसऱ्या पद्धतीत पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्डिंगने जोडून संपूर्ण बॉडीलाच भार पेलायला लावतात. तिला मोनोकॉक म्हणतात. इटलीच्या लान्सिया लॅम्ब्डा या गाडीने १९२२ मध्ये भार पेलणाऱ्या बॉडीची कल्पना बाजारात आणली. १९३४ च्या सिट्रोएन ट्रॅक्सिऑन आव्हाँने ती मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात रुजवली. आपल्याकडील अॅम्बेसेडर स्वतंत्र चॅसीविनाच बनलेली होती, तर तिच्याच काळातील स्टँडर्ड हेराल्डला स्वतंत्र चॅसी होती. आजच्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडान मोनोकॉक आहेत.

यामुळे ‘चॅसी ब्रेस’ हे नाव थोडे फसवे ठरते. मोनोकॉक गाडीत चॅसी वेगळी नसतेच. ब्रेस बसते ती बॉडीच्या दोन दूरच्या बिंदूंमध्ये. हे बिंदू एकमेकांच्या संदर्भात हलू नयेत, एवढेच तिचे काम. मांडवाचे चार खांब डुलत असतील, तर सुतार त्यांना तिरपी पट्टी ठोकतो. तत्त्व तेच आहे.

दांडी बॉनेटखालीच का?

मारुती ८००, स्विफ्ट, ह्युंदाई आय२०, फोक्सवॅगन पोलो या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी फोर्डच्या ब्रिटिश गाड्यांतून ती रूढ झाली. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच उभ्या खांबात असतात. खांबाचे खालचे टोक लोअर आर्मला जोडलेले असते आणि वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या घुमटीत, म्हणजे स्ट्रट टॉवरमध्ये, रबरी माउंटसह बसते.

खड्ड्याचा हादरा थेट या टॉवरवर जातो. वळणावर टायरला बसणारा बाजूचा ताण प्रामुख्याने लोअर आर्म पेलतो. त्याचा एक हिस्सा टॉवरपर्यंत पोहोचतो. दोन टॉवरच्या मधली जागा इंजिनासाठी मोकळी ठेवलेली असल्याने त्यांना एकमेकांचा आधार दूरवरून, मागच्या पत्र्याच्या भिंतीतून मिळतो. टॉवर हलला की स्ट्रटचे वरचे टोक सरकते आणि चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलतो. ही हालचाल फार तर मिलिमीटरच्या अंशांत असते. तरी स्टिअरिंग वळवल्यापासून गाडी प्रतिसाद देईपर्यंतचा सूक्ष्म विलंब चालकाला जाणवू शकतो. स्ट्रट बार दोन टॉवर जोडून ही सरक कमी करते.

या विवेचनातून एक व्यावहारिक निष्कर्षही निघतो. बाजूच्या ताणाचा मोठा वाटा खालच्या आर्मवर असल्याने अनेक गाड्यांत आर्मचे बिंदू जोडणारी खालची ब्रेस वरच्या झळकत्या दांडीपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते. ज्या गाड्यांत आर्म आधीच भक्कम सबफ्रेमवर बसवलेले आहेत, तेथे खालच्या ब्रेसचा लाभही थोडाच. पुढे डबल विशबोन पद्धत असलेल्या गाडीत वरच्या दांडीचा परिणाम सहसा मॅकफर्सनपेक्षा कमी दिसतो.

ब्रेसचे प्रमुख प्रकार

पुढची वरची दांडी दोन टॉवरना जोडते. तिलाच तिसरा पाय देऊन मागच्या भिंतीशी जोडल्यास त्रिकोण तयार होतो आणि टॉवरची पुढे-मागे होणारी हालचालही आवरली जाते. पुढची खालची ब्रेस लोअर आर्मचे बिंदू किंवा सबफ्रेमची टोके जोडते. मागची दांडी डिकीत शॉक अॅब्सॉर्बरच्या वरच्या बिंदूंमध्ये बसते. हॅचबॅकच्या मागच्या मोठ्या दरवाजामुळे पडणारी पोकळी ती थोडी भरून काढते. गाडीच्या पोटाशी बसणारी इंग्रजी एक्स अक्षरासारखी ब्रेस पिळाला विरोध करते आणि ती उघड्या गाड्यांत विशेष आढळते. शर्यतीच्या गाडीतील रोलकेज मुळात गाडी उलटल्यास चालकाचा जीव वाचवण्यासाठी असतो. त्याच्या ओघात सांगाडाही ताठ होतो. मात्र हेल्मेट आणि शर्यतीचे पट्टे न घालता रोलकेजच्या गाडीत बसणे धोक्याचे आहे, कारण अपघातात डोके नळीवर आदळते. रोजच्या वापरातील गाडीला तो बसवू नये.

काही कंपन्या दांडी कारखान्यातच बसवतात. होंडाने १९९५ च्या इंटेग्रा टाइप आर या गाडीत पुढच्या टॉवरना जोडणारी दांडी दिली होती. मात्र तिच्यासोबत सांगाड्यातील इतर जागाही मजबूत केल्या होत्या आणि सस्पेन्शन त्या हिशेबाने जुळवले होते. केवळ ताठपणा हेच ध्येय नसते, हेही जपानी उद्योगानेच दाखवले. यामाहाने बनवलेला परफॉर्मन्स डॅम्पर हा सांगाड्याच्या दोन बिंदूंमध्ये बसतो. तो बॉडीची सूक्ष्म थरथर शोषून घेतो.

दांडीची ताकद आणि कच्चे दुवे

१ मीटर लांब, २५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीवर लांबीच्या दिशेने ४,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोंचा जोर दिला, तर ती जेमतेम ०.१४ मिलिमीटर ताणते. त्याच मापाची अॅल्युमिनिअमची नळी सुमारे ०.४ मिलिमीटर ताणते, कारण अॅल्युमिनिअमचा ताठपणा पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे नळी कोणत्याही धातूची असली तरी ती सहसा कमी पडत नाही. कमी पडतात ती तिची टोके.

टॉवरवर बसणारी पट्टी पातळ असेल, वाकवून उंच केलेली असेल किंवा नळी आणि पट्टी यांच्यामध्ये ढिला बोल्ट असेल, तर सगळी हालचाल तेथेच वाया जाते. इंजिनवरून कमान करून नेलेली दांडी सरळ दांडीपेक्षा दुबळी असते, कारण जोर आला की कमान उघडते किंवा मिटते. खरेदी करताना रंग, चकाकी आणि नाव यांपेक्षा पट्टीची जाडी, वेल्डिंगची सलगता आणि दांडीचा सरळपणा पाहावा.

वळणाचे गणित

१,००० किलो वजनाची गाडी ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिला वळणात धरून ठेवण्यासाठी चारही टायरना मिळून सुमारे ४,१०० न्यूटन इतकी पकड द्यावी लागते. वेग ५० वर गेला की ही गरज सुमारे ६,४०० न्यूटन होते. ६० वर ती ९,२०० च्या पुढे जाते. वेग दीडपट झाला, तर गरज सव्वादोनपट होते. ही पकड फक्त टायर आणि रस्ता यांच्या संपर्कातून मिळते. कोरड्या डांबरावर ताशी ६० च्या वेगाने हे वळण घेणे साध्या टायरच्या मर्यादेला भिडणारे आहे. आषाढात चोर्ल्यात किंवा आंबोलीत, ओल्या रस्त्यावर, चिखल आणि पालापाचोळा आलेला असताना ती मर्यादा खूपच खाली येते.

या गणितात स्ट्रट बारला जागा नाही. ती टायरचा कोन थोडा स्थिर ठेवते आणि असलेली पकड अधिक नेमकेपणाने वापरू देते. पकडीची कमाल मर्यादा ठरवणारे रबर, पाणी आणि डांबर ती बदलत नाही. धोका याच ठिकाणी आहे. स्टिअरिंग चपळ वाटू लागले की गाडी अधिक वेग सहन करील असा भास होतो. आधीची गाडी झुकून, किंचित डगमगून चालकाला वेळेत इशारा देत असे. ताठ गाडीत तो इशारा कमी होतो आणि टायर सुटण्याचा क्षण मात्र जिथल्या तिथे राहतो.

ब्रेसच्या आधीची कामे

घाटात गाडी सैल वाटत असेल, तर क्रम असा ठेवावा. पहिला क्रमांक टायरचा. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. पावसाळी घाटासाठी ही अगदी तळाची मर्यादा मानावी. हवेचा दाब थंड टायरवर तपासावा. त्यानंतर शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल झिरपते का ते पाहावे. मग लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि स्ट्रटचे वरचे माउंट तपासावे. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे रबरी भाग लवकर झिजतात, आणि झिजलेल्या बुशमधील हालचाल टॉवरच्या हालचालीपेक्षा कितीतरी मोठी असते. शेवटी अलाइनमेंट. एवढे करूनही नेमकेपणा हवा असेल, तर ब्रेसचा विचार करावा. बुश फाटलेला असताना दांडी बसवणे म्हणजे बिजागरी निखळलेल्या दाराला नवी कडी लावण्यासारखे आहे.

बसवण्याची पद्धत

दांडी त्याच मॉडेलसाठी आणि त्याच इंजिनासाठी बनवलेली असावी. प्रथम ती जागेवर नुसती ठेवून बॉनेट, ब्रेक ऑइलची टाकी, बॅटरी आणि वायपरची यंत्रणा यांपासूनचे अंतर तपासावे. चालू इंजिन माउंटवर हलते, हे लक्षात ठेवून इंजिन आणि दांडी यांत पुरेशी मोकळी जागा सोडावी.

गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी असावी. जॅकवर उचललेल्या गाडीत टॉवरवरील नट काढले, तर स्ट्रट खाली सुटू शकतो. टॉवरच्या बाहेरच्या बाजूचे नट एका वेळी एकाच बाजूचे काढावेत. स्ट्रटच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटला अजिबात हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग त्यानेच धरून ठेवलेली असते आणि ती सुटल्यास प्राणघातक इजा होऊ शकते. काही गाड्यांत बाहेरचे नट नसतातच. तेथे दांडी बसवण्याची पद्धत वेगळी असते आणि ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.

पट्ट्या बसवल्यावर नट आधी हाताने लावून मग टॉर्क रेंचने कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकेच आवळावेत. पट्टीच्या जाडीमुळे नटला पुरेसे आटे मिळतात ना, हे पाहणे आवश्यक आहे. लांबी कमी-जास्त करता येणारी दांडी असेल, तर ती ढिली राहू नये एवढीच ताणावी. टॉवर ओढले किंवा ढकलले जातील इतकी आवळू नये. त्यानंतर अलाइनमेंट तपासून घ्यावे आणि शे-दोनशे किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा पाहावेत.

पट्टीखालचा रंग खरवडला गेला असल्यास तो आधी भरून घ्यावा. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि किनाऱ्यावरची खारी हवा यांत उघडा पत्रा लवकर गंजतो. अॅल्युमिनिअमची पट्टी उघड्या पोलादावर बसली, तर ओलाव्यात गंजण्याचा वेग वाढतो. खालची ब्रेस गाडीची जमिनीपासूनची उंची कमी करते, त्यामुळे गावोगावचे गतिरोधक आणि घाटातील उखडलेल्या कडा यांचा विचार आधीच करावा.

परिणाम कसा ओळखावा?

पैसे खर्च केल्यावर फरक जाणवणे हे मानवी मनाला साहजिक आहे. म्हणून चाचणी निःपक्षपाती असावी. टायरचा दाब तोच, रस्ता तोच, वेग कायदेशीर मर्यादेत आणि दांडी लावली आहे की काढली आहे हे चालकाला न सांगता, अशा फेऱ्या घेतल्या तर खरे उत्तर मिळते. मोजमापही अशक्य नाही. दोन टॉवरमधील अंतरावर डायल गेज लावून पुढचे एक चाक ठोकळ्यावर चढवले, तर दांडीसह आणि दांडीविना होणारा फरक आकड्यांत दिसतो. उद्यमबागेतील कोणत्याही मशीन शॉपमध्ये डायल गेज नित्याचे आहे.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी हीच गोष्ट अधिक शास्त्रशुद्धपणे करतात. बाहा आणि सुप्रा या राष्ट्रीय स्पर्धांसाठी देशभरातील महाविद्यालयीन संघ नळ्यांची चौकट असलेली गाडी स्वतः बनवतात. अशा चौकटीची मागची बाजू घट्ट धरून पुढच्या बाजूला ठरावीक वजनाने पीळ दिला जातो आणि किती अंश फिरले ते नोंदवले जाते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या आणि फाउंड्री, टर्निंग, मिलिंगची जुनी परंपरा असलेल्या बेळगावात या ज्ञानाची वानवा नाही. स्थानिक कारखान्यात दांडी बनवून घेणाऱ्यांनी त्याचा उपयोग करावा. मात्र बॉडीवर वेल्डिंग करू नये. आजच्या गाड्यांतील उच्च ताकदीचे पोलाद उष्णतेने आपले गुण गमावते.

अपघात, विमा आणि कायदा

गाडीचा पुढचा भाग अपघातात ठरावीक पद्धतीने चेपला जावा, अशा हिशेबाने रचलेला असतो. दोन टॉवर जोडल्यावर एका कोपऱ्यावर बसलेला धक्का दुसऱ्या टॉवरपर्यंत पोहोचू शकतो आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. चेपणाऱ्या भागांना, एअरबॅगच्या सेन्सरना किंवा त्यांच्या वायरिंगला धक्का लावणारी कोणतीही ब्रेस टाळावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्याने कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांत तो लागू आहे. त्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल, सुटे भाग नव्याने बसवण्यासह, केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बोल्टने बसणारी दांडी इंजिन क्रमांक, रंग किंवा आसनसंख्या बदलत नाही. तरीही बसवण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण ठरू शकतो. नवी गाडी असल्यास वॉरंटीच्या अटीही वाचाव्यात.

थोडक्यात, निरोगी सस्पेन्शन आणि चांगले टायर असलेल्या गाडीत योग्य जागी बसवलेली ब्रेस स्टिअरिंगला थोडा अधिक नेमकेपणा देते. ज्यांना गाडी चालवण्यातील बारकावे कळतात, त्यांना त्याचा आनंदही मिळतो. परंतु चोर्ल्याच्या ओल्या वळणावर गाडी रस्त्यावर राहते ती टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांमुळे आणि चालकाने वळणाआधीच कमी केलेल्या वेगामुळे. नव्या टायरसाठी बाजूला ठेवलेला पैसा दांडीवर खर्च होत असेल, तर ती दांडी दुकानातच राहू द्यावी.